उललेले हात

माझं मेडिकलचं दुकान आणि दुर्गाबाईचं अंगण यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. तोही असा, की जीप आली की कोंबड्यांना पळावं लागतं. त्यामुळे तिच्या घरात काय चाललंय हे मला न विचारता कळतं. लोकांच्या घरात डोकवायची मला हौस नाही. पण काउंटरचं तोंड जिकडं आहे, तिकडंच माणूस दिवसभर बघणार.

आमचं गाव घनसावंगीहून जांब समर्थकडं जाताना लागतं. इथली थंडी म्हणजे कोरडा वारा. दिवाळी झाली की तो सुटतो आणि संक्रांतीपर्यंत गावातल्या प्रत्येकाचं अंग ओरबाडत राहतो. ओठ फुटतात, टाचा उलतात, पोरांच्या गालांवर पांढरे चट्टे उठतात. लोक दुकानात येऊन विचारतात, "भाऊ, काय लावू?" मी सांगतो. ते मान हलवतात आणि घरी जाऊन मनाला येईल ते लावतात. एकानं तर मोटारीचं ग्रीस लावून घेतलं होतं आणि वर मलाच सांगायला आला की तुमच्या मलमापेक्षा हे बरं. वीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे मी सल्ला देतो, पण कुणाच्या टाचा मनाला लावून घेत नाही.

गावात एकाच बाईला मला कधी सल्ला द्यावा लागला नव्हता, ती दुर्गाबाई. ती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, दोन्ही पाय पुढं लांब करायचे, नडग्यांवर बाळ निजवायचं आणि टाळूपासून टाचेपर्यंत तेल जिरवायचं. मग कोमट पाणी. दोनशेच्या वर लेकरं तिच्या पायावर न्हाली असतील. माझी दोन्ही त्यातच.

तिचा एक नियम होता. पिशवीत तिच्याकडे जॉर्जेटचा एक पिवळा तुकडा असायचा, कुठल्या तरी जुन्या साडीचा. बाळाला हात लावायच्या आधी ती तो मांडीवर पसरायची आणि दोन्ही तळहात त्याच्यावरून सावकाश ओढायची. कापड सळसळ सरकलं तर बाळ पायावर घ्यायचं. एक धागा जरी हाताला अडकला, तरी उठून घरी जायचं. "जॉर्जेटपरीस लेकराचं कातडं पातळ असतंय," म्हणायची. बाळंतिणीची सासू कितीही विनवण्या करो, तिचं उत्तर ठरलेलं.

हा नियम पाळायचा म्हणून दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ती कापूस वेचायला जायची नाही. आमच्याकडे हे सोपं नाही. वेचणीच्या दिवसांत गावात म्हातारे, आजारी आणि मी एवढेच मागं राहतो. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दिवसभर वेचलं की नखांच्या कडा फाटतात, बोटांची पेरं चिरतात, आणि वरून हा वारा. म्हणून ती घरी बसायची. रात्री हाताला करडीचं तेल लावायची, सकाळी दुधाची साय. बाया तिला तोंडावर महाराणी म्हणायच्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट मला वाटतं, आवडायचंच.

तिला गर्व होता, हेही सांगितलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आमच्याच आळीतल्या हसीनानं हे काम करायचं मनावर घेतलं. हसीना म्हणजे लतीफची बायको. लतीफ घनसावंगीला जीप मारतो, त्यांचं घर दुर्गाबाईच्या घरापासून तिसरं. एका बारशाच्या घरी दोघी समोरासमोर आल्या. दुर्गाबाईनं भरल्या बायांत पिवळा तुकडा हसीनापुढं धरला. हसीनानं हात फिरवला आणि तो जागोजागी अडकला, कारण ती तेव्हा वेचणीहूनच आली होती. दुर्गाबाई म्हणाली, "हात हायेत का कानस? लोखंड घासाय जा माय." बाया हसल्या. हसीना ओढणी सावरून निघून गेली. पुढच्या वर्षीपासून तीही वेचणीला जाईना झाली, आणि थंडीच्या तोंडावर माझ्याकडून ग्लिसरीनची बाटली नेऊ लागली. तिच्याकडेही कामं यायला लागली. दोघींचं बोलणं मात्र बंद पडलं ते पडलंच.

हे सगळं सांगायचं कारण दुर्गाबाईची लेक, साधना. तिचं लग्न जालन्याला झालेलं. जावई भारत तिथं लोखंडाच्या कारखान्यात आहे, शांत माणूस. सात वर्षं लेकरू नव्हतं. गावभरच्या लेकरांना न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या स्वतःच्या लेकीची ओटी रिकामी, हे लोक बोलायचे. मीही ऐकलंय, तिनंही ऐकलं असणार. मग या वर्षी देवानं किंवा डॉक्टरांनी मनावर घेतलं. तारीख संक्रांत झाल्यावर आठवड्यानं होती.

पहिलं बाळंतपण माहेरी. पण दिवाळीच्या तोंडावर साधनाच्या सासूनं फोनवर विचारलं, "तुमच्या न्हाणीला दार तरी हाय का?" दार नव्हतं. चार फरश्या उभ्या केलेल्या आणि वर आकाश. जालन्याची सून अशा न्हाणीत कशी बसणार? दुर्गाबाईनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कापूस भरायची ओटी कमरेला बांधून वेचणीला गेली.

मी दुकान उघडत होतो. मला खरं वाटलं नाही.

"मावशी, कुठं?"

"कापसाला."

"आणि हात?"

तिनं माझ्याकडं न बघता हिशोब मांडला. "लेकरू संक्रांतीनंतर येणार. मी डिसेंबर सरला की वेचणी बंद करते. तीन हप्ते भेटतेत. तीन हप्त्यांत हात पहिल्यासारखे. वेचणीच्या पैशात न्हाणीबी होती अन् हातबी होतेत."

हिशोब चुकीचा नव्हता. फक्त त्यात लेकराला कुणी विचारलं नव्हतं. नाताळाच्या दोन दिवसांनी, दुपारी, ती पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या रानात, असतानाच भारतचा फोन आला. साधना मोकळी झाली होती. तीन आठवडे आधी. मुलगी. अंगानं बारीक होती, म्हणून आठ दिवस दवाखान्यात ठेवणार होते. नाळ पडली, वजन धरलं की घरी सोडतो, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी अंघोळ तोपर्यंत बंद ठेवायला सांगितली होती. न्हाणी मात्र तयार होती. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आणि हिरव्या रंगाचं दार.

दुसऱ्या दिवशी ती जालन्याला जाऊन नातीला काचेतून बघून आली. जीपमधून उतरली ती थेट माझ्या दुकानात. हात पदराखाली.

"दाखवा," मी म्हणालो.

तिनं काउंटरवर हात ठेवले. चाळीस वर्षं जपलेले हात दोन महिन्यांत असे होऊ शकतात, हे मला धंद्यात असूनही ठाऊक नव्हतं. पेरापेराला चिरा, अंगठ्याच्या कडेला काळी भेग, आणि उरलेला तळवा सुकलेल्या तळ्यासारखा. आत कापसाचा मळ बसलेला.

"आठ दिवस हायेत," ती म्हणाली. "आठ दिवसांत बराबर झाले पाह्यजेत."

"आठ दिवसांत नाही होत मावशी. तीन आठवडे तरी..."

"मी किती लागतेत ते इचारलं न्हाई. काय लावू ते सांग."

मग मी सांगितलं. गरम पाण्यात हात घालायचा नाही, कितीही बरं वाटलं तरी. भांडी नाही, धुणं नाही, चुलीची राख नाही, सोड्याचा साबण नाही. हात कोमट पाण्यानं धुवायचे, टिपायचे, आणि ओल असतानाच मलम लावायचं. वाळल्यावर लावून उपयोग नाही, ओल आत राहिली पाहिजे. रात्री जाड थर द्यायचा आणि वर सुती मोजे घालायचे. मलमाची नळी तिच्यापुढं ठेवली.

"यात काय हाय?"

"युरिया."

तिनं नळी खाली ठेवली. "पऱ्हाटीला टाकतेत तो?"

"तसाच. पण हा चामडी मऊ करतो."

"पऱ्हाटीनंच हात खाल्ले," ती म्हणाली, "आता तिचंच खत लावते." आणि नळी घेऊन गेली.

मला वाटलं, ही पण बाकीच्यांसारखीच. घरी जाऊन साय लावेल. पण माझ्या वीस वर्षांत माझा सल्ला अक्षर न अक्षर पाळणारं हे पहिलं माणूस निघालं. रामकिसन, तिचा नवरा, आयुष्यात कधी स्वतःचा चहाचा पेला उचलला नसेल. तो आता सकाळी ओट्यावर बसून भांडी घासायला लागला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. तो खाली मान घालून तवा घासत राहायचा. आणि दुर्गाबाई उन्हात, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हातांत रामकिसनचे मोजे. गावातल्या पोरांना तर खेळच झाला. तिनं कुणाला शिवी दिली नाही, यावरून मला कळलं की तिला भीती वाटतेय.

रोज संध्याकाळी ती रस्ता ओलांडून यायची, मोजा काढून हात पुढं करायची आणि माझं तोंड बघायची. चौथ्या दिवशी मळ निघाला. सहाव्या दिवशी बारीक चिरा मिटल्या. उजवा हात पुष्कळ सुधारला. डाव्या अंगठ्याची भेग मात्र तशीच, आणि बोटांच्या टोकांना कडक खपल्या.

"सात वर्षं वाट बघितली भाऊ," सातव्या दिवशी ती म्हणाली. "लोकांची लेकरं न्हाऊ घालताना मनात म्हणायचे, देवा, एक माझ्या साधीचं बी या पायावर येऊ दे. आलं. अन् हात असे."

मी म्हणालो, पंधरा दिवस थांबा, तोवर दुसरं कुणी घालील, मग तुम्ही घाला. तिनं नुसती मान हलवली. पहिलं न्हाणं एकदाच असतं, हे मलाही कळतं. तिचे डोळे भरले होते, आणि माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लतीफच्या जीपनं साधना आणि बाळ आलं. भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं. न्हाणं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर आल्यावर ठरलं. आळीतल्या पाच-सहा बाया जमल्या. हसीनाही आली, डोक्यावरून मोरपंखी ओढणी घेऊन. तिच्याच जीपमधून बाळ आलं होतं, त्यामुळे तिला कुणी काही म्हणणार नव्हतं. ती आपली दाराच्या खांबाशी उभी राहिली. मी काउंटरवर होतो. गिऱ्हाईक नव्हतं, आणि असतं तरी मी त्याला थांबवलं असतं.

अंगणात उन्हात पाट मांडला होता. तेलाची वाटी पाण्याच्या तपेल्यात कोमट होत होती. तेल चोळायचं इथं, पाणी आत न्हाणीत, असं ठरलं होतं. दुर्गाबाईनं मोजे काढले, पिशवी उघडली, आणि पिवळा तुकडा शोधायला लागली. पिशवी उलटी केली. घरात जाऊन आली. पुन्हा पिशवी.

"साधे, माझा तुकडा कुठाय?"

साधना उंबऱ्यावर बाळ घेऊन बसली होती, कानाला फडकं बांधून. "असंल कुठं तरी पडला. राहू दे न माय."

"रात्री इथंच व्हता."

"माय, राहू दे. तूच घे तिला. मला चालतंय. एखाद्या दिवशी काय व्हतंय?"

पोरीला खोटं बोलता येत नव्हतं. तुकडा तिनंच लपवला होता, हे अंगणातल्या सगळ्यांना कळलं, मला रस्त्यापलीकडं कळलं, आणि दुर्गाबाईला तर सगळ्यांच्या आधी कळलं असणार. बाया लगेच बोलायला लागल्या. घ्या हो, आजीचाच हात हाय. तेल असल्यावर काय लागतंय? मोठी शहाणी माणसं होती सगळी. आणि त्यांचं खोटंही नव्हतं. तेलाच्या हातानं, अलगद, अंगठा दूर धरून, कदाचित काही झालं नसतं. मला प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही वाटलं, घे बाई, घे एकदाची.

दुर्गाबाई पाटावर बसली. पाय लांब केले. साधना बाळ घेऊन उठली.

"थांब," दुर्गाबाई म्हणाली.

ती उठली आणि सरळ खांबाशी गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा हसीनाच्या समोर उभी राहिली.

"तुही ओढणी जॉर्जेटची हाय न?"

"हो," हसीना म्हणाली.

"धर."

हसीनानं ओढणीचं टोक दोन्ही हातांत ताणून धरलं. दुर्गाबाईनं उजवा तळहात ठेवला आणि ओढला. सरकला. एका बाईनं "झालं की" म्हटलंसुद्धा. मग तिनं डावा ठेवला. तो अर्ध्यापर्यंत आला आणि अडकला. अंगठ्यापाशी मोरपंखी धागा ताणला गेला, लांबून मलाही दिसला. तिनं हात काढून घेतला नाही. तसाच ठेवून ती त्या धाग्याकडं बघत राहिली.

"हात हायेत का कानस," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कुणी हसलं नाही. हसीनानं धागा बोटानं सोडवला, अगदी सावकाश, जखमेवरची पट्टी काढावी तसा. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. तीन वर्षांचं साठलेलं होतं, आणि बोलली असती तर हक्काचं होतं. मी तिच्या जागी असतो तर बोललोच असतो, एवढा काही मी मोठ्या मनाचा नाही.

"तू घाल," दुर्गाबाई म्हणाली. "तुहे हात चांगले हायेत. मी बघून राह्यले दोन साल. तूच घाल." आणि बाजूला होऊन रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिला रडू फुटलं होतं. पदर डोळ्याला लावावा, तर तोही हाताला अडकत होता.

हसीनानं आधी स्वतःचे दोन्ही हात ओढणीवरून फिरवले, कुणी न सांगता. मग ओढणी कमरेला खोचायची सोडून ती पाटाशी गेली.

"बसा मावशी," ती म्हणाली.

"मी कशाला बसू?"

"बसा तर. पाय करा लांब."

दुर्गाबाई बसली. हसीना तिच्यासमोर उकिडवी बसली, तिनं दुर्गाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि ओढणी नडग्यांवरून ओढली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. एकदा उजवा, एकदा डावा. कुठं अडकली नाही. चाळीस वर्षं रोज लेकरांच्या अंगावरचं तेल ओघळून जिथं जिरत होतं, ती जागा होती ती. तिथं बोंडाचं टोक पोचलं नव्हतं आणि वाराही पोचला नव्हता.

"पाय तर बिलकुल बराबर हायेत," हसीना म्हणाली. "हात माझे, पाय तुमचे. द्या वो ताई लेकरू."

साधनानं बाळ आजीच्या पायावर ठेवलं. दुर्गाबाईनं दोन्ही हात वर, खांद्यापाशी धरले, बाळाला चुकून लागू नयेत म्हणून. पोलिसांनी धरलेल्या माणसासारखी ती बसली होती, पण चेहरा तसा नव्हता. हसीनानं वाटीतलं तेल घेतलं. "टाळूवर आधी," दुर्गाबाई म्हणाली. "माहीत हाय." "अन् मान धर." "धरलीय मावशी." "जास्ती चोळू नको, बारीक हाय लई." "हो." पुढं त्या दोघी न्हाणीत गेल्या, साधना मागोमाग, आणि हिरवं दार लागलं. इतक्या खस्ता खाऊन केलेलं दार, ते पहिल्यांदा लागलं तेव्हा नेमका मी बाहेर. आतून पाण्याचा आवाज आणि दुर्गाबाईच्या सूचना तेवढ्या ऐकू येत राहिल्या. बाळ एकदाच रडलं. मी औषधांची खोकी उगाच सरळ करत राहिलो. मला बरं वाटत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी दुर्गाबाई नेहमीच्या वेळी रस्ता ओलांडून आली. मी सवयीनं म्हणालो, "काढा मोजे, बघू."

तिनं हात पुढं केलेच नाहीत.

"हाताचं होईल हळूहळू," ती म्हणाली. "हसीना संक्रांतीपर्यंत रोज येणार हाय. पायाला काय लावू ते सांग."